व्हायव्हाला जाताना वही घेऊन जा



आजचा विषय आहे एम. एस्सी.चा थिसिस. तो तयार कसा होतो, जमा कसा होतो आणि शेवटी परीक्षकासमोर त्याचं काय होतं, यावर आज बोलू या. विद्यार्थी ऐकत असतील, त्यांचे आईवडीलही ऐकत असतील. 'पोरगी दोन वर्षं त्या शेतात नेमकं करते काय?' असा प्रश्न ज्या घरांत पडतो, त्यांच्यासाठीही हे बोलणं आहे.

थोडी ओळख देतो. मी जबलपूरचा. घरात मराठी आणि अंगणाबाहेर हिंदी, असं वाढलेलो. नोकरी झाली जबलपूरच्या अधारताल भागातल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयात. हे विद्यापीठ १९६४ सालचं. अधारताल हे नाव राणी दुर्गावतीच्या अधारसिंह नावाच्या मंत्र्यावरून पडलं, असं आमच्याकडे सांगतात. तिथे मी जो विषय शिकवला त्याला राहुरी-अकोल्याला 'कृषिविद्या' म्हणतात, आमच्याकडे 'सस्य विज्ञान' म्हणतात आणि मुलं दोन्हीकडे 'ॲग्रोनॉमी' म्हणतात. बरीच वर्षं मी गाइड होतो. दुसऱ्या विद्यापीठांत परीक्षक म्हणूनही जात होतो. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालं आहे.

त्या अनुभवावरून एक गोष्ट सांगतो. मुलं व्हायव्हाला वकिलासारखी तयारी करून येतात. माझा निकाल बरोबर आहे, हे पटवून द्यायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात असतं. समोरच्या परीक्षकाला मात्र वेगळंच बघायचं असतं. तुमच्या थिसिसमधल्या एखाद्या आकड्यावर तो बोट ठेवतो आणि म्हणतो, चला, हा कुठून आला ते दाखवा. त्या आकड्यापासून मागे मागे जात तुम्ही त्याला शेतातल्या त्या जागेपर्यंत, त्या दिवसापर्यंत नेऊ शकलात, तर तुमचा निकाल चांगला आला की साधारण, याला फारसं महत्त्व राहत नाही. नेता आलं नाही, तर निकाल कितीही चमकदार असो, परीक्षकाच्या मनात शंका येते.

आता, एका विद्यार्थ्याच्या आकड्याला एवढं महत्त्व कशासाठी? विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला विचारा. 'तीनशे पस्तीस' म्हटलं की तो लगेच ओळखतो. जेएस ३३५. यातलं जेएस म्हणजे 'जवाहर सोयाबीन', आणि हा 'जवाहर' आमच्या विद्यापीठाच्या नावातला. त्या काळी सिहोरचं कृषी महाविद्यालय याच विद्यापीठाकडे होतं. तिथल्या कामातून हे वाण निघालं आणि १९९४ मध्ये शेतकऱ्यांसाठी प्रसारित झालं. पुढे ते महाराष्ट्रात किती पसरलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. असं वाण एका माणसाच्या एका हंगामातून निघत नाही. त्याच्यामागे कितीतरी प्लॉट, कितीतरी वजनं, कितीतरी वह्या असतात. एम. एस्सी.चा थिसिस म्हणजे त्या ढिगातली एक वही. तुमच्या एकट्याच्या थिसिसवरून शेतकऱ्याला शिफारस होत नाही, त्यासाठी अनेक ठिकाणी आणि अनेक वर्षं चाचण्या घ्याव्या लागतात. पण तुमची वही खोटी निघाली, तर तिच्या आधाराने पुढचं काम करणारा माणूस फसतो, आणि शेवटी बियाणं आणि औषध विकत घेणारा शेतकरी फसतो.

आता क्रमाने जाऊ.

पहिली पायरी विषय आणि सिनॉप्सिस. पहिल्या वर्षी तुम्हाला गाइड मिळतो आणि त्याच्यासोबत सल्लागार समिती असते. तिच्यात तुमच्या विषयाचे, जोडविषयाचे आणि बहुधा सांख्यिकीचे प्राध्यापक असतात. या समितीसमोर तुम्ही सांगायचं की मला काय शोधायचं आहे आणि ते मी कसं शोधणार. माझा सल्ला एकच आहे. तुमचा प्रश्न तुमच्या आजीला एका वाक्यात सांगता आला पाहिजे. 'सोयाबीनमध्ये दोनदा निंदण करण्याऐवजी फवारणी केली तर उत्पन्न तेवढंच येतं का?' हा प्रश्न झाला. 'तण व्यवस्थापनाच्या विविध पद्धतींचा सर्वांगीण अभ्यास' हे नुसतं शीर्षक झालं. शीर्षक तसं असू द्या, विद्यापीठाला ते लागतं. पण तुमच्या डोक्यात प्रश्न हवा.

आणि सांख्यिकीच्या प्राध्यापकांकडे याच वेळी जा, पेरणीच्या आधी. हे सांगणारा मी पहिला नाही. रोनाल्ड फिशर नावाचे मोठे संख्याशास्त्रज्ञ होते. १९३८ मध्ये ते भारतात आले होते, पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेचे अध्यक्ष म्हणून. तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, त्याचा आशय असा: प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे शवविच्छेदन करून घेणं, फार तर प्रयोग कशाने गेला एवढं तो सांगेल. आज इतक्या वर्षांनी मुलं त्याच चुकीच्या वेळी, म्हणजे मळणी झाल्यावर, एक्सेलची फाइल घेऊन त्यांच्या दारात उभी राहतात.

या फिशरांचं आणि तुमच्या वहीचं आणखी एक नातं आहे. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड नावाचं कृषी संशोधन केंद्र आहे, १८४३ पासूनचं. फिशर तिथे १९१९ मध्ये रुजू झाले ते मुख्यतः साठून राहिलेल्या दशकानुदशकांच्या नोंदींतून काही अर्थ निघतो का, हे बघायला. त्या नोंदी वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की प्रयोगाची मांडणीच नीट नसेल तर नंतर कितीही गणित केलं तरी उपयोग नाही. तिथून तीन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, प्रत्येक उपचार अनेक वेळा करून पाहायचा. दोन, कोणता उपचार कोणत्या प्लॉटला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. तीन, जमीन सारखी असेल त्या पट्ट्यात सगळे उपचार एकत्र ठेवायचे. तुम्ही ज्याला 'आरबीडी' म्हणता ती मांडणी म्हणजे याच तीन गोष्टी.

आणि हे भारतातल्या शेती संशोधकांच्या हातात कोणी दिलं? दोन मराठी माणसांनी. विनायक गोविंद पानसे, इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत काम केलेले. आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, पुढे रोमला एफएओमध्ये सांख्यिकीचं काम पाहणारे. या दोघांनी लिहिलेलं शेती संशोधकांसाठीचं सांख्यिकीचं पुस्तक १९५४ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने छापलं. देशभरातल्या कृषी थिसिसांच्या संदर्भसूचीत ते सापडतं. आमच्याकडची काही मुलं 'पान्सेसुखात्मे' हे एकाच माणसाचं नाव समजत. मग मी त्यांना सांगायचो, बाबांनो, दोघं आहेत, आणि दोघंही आमच्याकडचे.

दुसरी पायरी, शेत आणि फिल्ड बुक. आजच्या बोलण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे.

एक साधं गणित करून दाखवतो. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटीमीटर अंतर धरा. कडेच्या ओळी सोडून मधल्या सहा ओळींचं उत्पन्न मोजायचं, म्हणजे रुंदी २.७ मीटर. लांबी ४ मीटर. क्षेत्र झालं १०.८ चौरस मीटर. आता एका हेक्टरात १०,००० चौरस मीटर. म्हणजे तुमच्या प्लॉटचं वजन जवळजवळ ९२६ ने गुणायचं. काट्यावर १०० ग्रॅमची गडबड झाली, शेंगा फुटून दाणे सांडले, पोत्याचं वजन वजा करायचं राहिलं, तर थिसिसमध्ये हेक्टरी ९३ किलोंचा फरक पडतो. जवळजवळ एक क्विंटल. मूठभर दाण्यांचा क्विंटल होतो, मंडळी. म्हणून वजन करताना वहीत तारीख, वेळ, काटा कोणता आणि सोबत कोण होतं, हे सगळं तिथल्या तिथे लिहायचं.

वही शाईच्या पेनाने लिहू नका, जबलपूरचा पाऊस तुम्हाला माहीत नाही. वर्षाला साधारण १३०० ते १४०० मिलिमीटर, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. बॉलपेन किंवा पेन्सिल वापरा, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि रोज संध्याकाळी पानाचा मोबाइलवर फोटो काढा. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहा. खाडाखोड करून जुना आकडा झाकू नका. झाकलेला आकडा परीक्षकाला नेहमी दिसतो. आणि सगळ्यात मोलाचं असतं ते शेवटचं सदर, 'शेरा'. 'आज टी-फोरच्या कडेला रानडुक्कर शिरलं होतं.' 'आज फवारल्यावर दोन तासांत सर आली.' हे लिहायला मुलांना लाज वाटते, आपलं काम कच्चं दिसेल म्हणून. उलट आहे. ज्या वहीत एकही शेरा नाही, ती वही हॉस्टेलच्या खोलीत बसून लिहिली आहे, हे मला दोन पानांत कळायचं.

आता एक प्रसंग सांगतो, म्हणजे हे सगळं का सांगतो ते कळेल. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून आकडे सोपे आणि गोल करून घेतले आहेत.

सौंसरकडची एक मुलगी माझ्याकडे होती. मराठी घरातली, घरात पहिलीच पदवीधर. तिचा प्रश्न मघाशी सांगितला तोच, सोयाबीनमधलं तण. आठ उपचार, तीन रेप्लिकेशन, म्हणजे २४ प्लॉट. एकात तण मुळीच काढायचं नाही, एकात २० आणि ४० दिवसांनी दोनदा हाताने निंदण, बाकीच्यांत वेगवेगळ्या फवारण्या. ऑगस्टमध्ये पाऊस लागला. आमची काळी चिकण जमीन, पाणी लवकर जिरत नाही. नोव्हेंबरमध्ये ती आकडे घेऊन आली, चेहरा उतरलेला.

"सर, थर्ड रेप्लिकेशन पूर्ण बसली."

खरंच बसली होती. तिसऱ्या रकान्यातले सगळे आकडे खाली. तिच्या ओळखीच्या एका पदवीधराने तिला दोन उपाय सांगितले होते. एक, तिसरी रेप्लिकेशन काढूनच टाक. दोन, 'थोडे आकडे सेट कर ले, कौन देखता है.' तिला ते करायचं नव्हतं, म्हणून तर ती आली होती. पण भीती होती. घरून एका वर्षाचे जास्तीचे पैसे येणार नव्हते. थिसिस अडकला तर नोकरीच्या परीक्षेचा फॉर्म हुकणार होता. हे सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला आठ आकडे थोडे थोडे वर उचलायचे, पाच मिनिटांचं काम.

मी तिला म्हटलं, "आधी वही काढ. पाणी नेमकं कुठं साचलं होतं?"

वहीत होतं. तारीख होती, प्लॉटचा नकाशा होता आणि नकाशावर पेन्सिलने छायांकन केलेलं होतं. तिसरा ब्लॉक शेताच्या उतारावर सगळ्यात खाली होता. त्यातल्या आठही प्लॉटमध्ये दोन दिवस पाणी उभं होतं.

आता इथे थांबा, कारण इथे फिशरांचं काम दिसतं. समजा आठ सुगरणी आहेत आणि त्यांना तीन वेगवेगळ्या घरांत तोच पदार्थ करायला सांगितला. तिसऱ्या घरातला गॅस मंद आहे. तिथे आठही जणींना वेळ जास्त लागेल. पण म्हणून कोणाचा हात भराभर चालतो, हे कळायचं थांबतं का? नाही, कारण मंद गॅस आठही जणींना सारखाच आहे. ब्लॉक म्हणजे ते घर. पूर्ण ब्लॉकला जे सोसावं लागलं, ते गणितात वेगळं काढता येतं. म्हणूनच ब्लॉक उताराला आडवे टाकायचे असतात. तिची तिसरी रेप्लिकेशन वाया गेलेली नव्हती. मांडणी ज्यासाठी केली होती, नेमकं ते काम तिने केलं होतं.

उलट ती काढून टाकली असती तर नुकसान झालं असतं. आठ उपचार आणि तीन रेप्लिकेशन असताना चुकीचा अंदाज १४ अंशांवर उभा असतो, दोनच ठेवल्या तर सातवर. टी-टेबलमधली किंमत २.१४५ वरून २.३६५ वर जाते. म्हणजे प्रयोगाची नजर अधू होते.

आणि आकडे उचलले असते तर? थिसिसमध्ये सगळे आकडे एकमेकांचे साक्षीदार असतात. उत्पन्न वर उचललं, पण झाडावरच्या शेंगांची संख्या तेवढीच, दाण्यांचं वजन तेवढंच. पावसाच्या तक्त्यात ऑगस्टचा तो आठवडा छापलेलाच. कोणीतरी ते तीन तक्ते शेजारी ठेवणारच.

पण गोष्ट तिथे संपली नाही. वहीत आणखी एक शेरा होता. तिसऱ्या ब्लॉकच्या कोपऱ्यातल्या एका प्लॉटमध्ये पाणी इतरांपेक्षा दोन दिवस जास्त राहिलं होतं. आणि तो प्लॉट होता दोनदा निंदण केलेला. म्हणजे हा त्रास सगळ्यांना सारखा नव्हता. निंदणाच्या सरासरीला त्याचा फटका बसला होता आणि तिच्या आवडत्या फवारणीचा आकडा त्यामुळे निंदणाच्या जवळ आलेला दिसत होता. हे लिहायचं म्हणजे आपल्याच निष्कर्षाला आपणच सुरुंग लावायचा. तिने दोन दिवस घेतले. मग लिहिलं. प्लॉटच्या नंबरासकट, तारखेसकट.

तिसरी पायरी, लेखन. मुलं पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करतात आणि 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' या वाक्यावर महिनाभर अडकतात. तसं करू नका. साहित्य आणि पद्धती हे प्रकरण आधी लिहा, तेही पीक शेतात उभं असतानाच. तेव्हा सगळं डोळ्यांसमोर असतं. मग तक्ते, मग निकाल, मग चर्चा. पूर्वीच्या संशोधनाचा आढावा वाचता वाचता थोडा थोडा लिहीत जा. प्रस्तावना आणि सारांश शेवटी.

निकाल आणि चर्चा यांतला फरक लक्षात ठेवा. काय दिसलं ते निकालात, तसं का दिसलं असावं ते चर्चेत. आणि 'का'ची जबाबदारी तुमची आहे. अमक्याने असंच लिहिलं आहे, तमक्यालाही असंच दिसलं, अशा नावांच्या माळा म्हणजे चर्चा नव्हे.

उचलेगिरीबद्दल दोन शब्द. यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सुधारून पुन्हा द्यायचं, जास्तीत जास्त सहा महिन्यांत. ४० ते ६० असेल तर एक वर्ष थिसिस देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. तुमच्या विद्यापीठाचा नियम याहून कडक असू शकतो, तो आधी वाचा. पण सॉफ्टवेअरला हुकवण्यासाठी शब्द उलटेपालटे करत बसू नका. स्रोत बंद करा, मनात काय उरलं ते आपल्या भाषेत लिहा आणि ज्याचं आहे त्याचं नाव द्या.

चौथी पायरी, थिसिस जमा करणं. हा शेवटचा पंधरवडा फार धावपळीचा असतो. गाइडची सही, समितीच्या सदस्यांच्या सह्या, ग्रंथालयाचं नो-ड्यूज, साम्याचा रिपोर्ट, छपाई, बाइंडिंग. यात एक जण रजेवर असतोच. म्हणून सह्या लागणाऱ्या सगळ्यांच्या तारखा महिनाभर आधी विचारून ठेवा आणि बाइंडिंगच्या आधी एक पूर्ण दिवस फक्त तपासणीला द्या. तक्त्यातला आकडा आणि मजकुरातला आकडा एकच आहे का? एका ठिकाणी किलो आणि दुसऱ्या ठिकाणी क्विंटल असं झालं आहे का? मजकुरात 'पानसे आणि सुखात्मे, १९६७' आणि यादीत '१९८५' असं तर नाही? ही शेवटची चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की थिसिस हातात आल्यावर मी आधी तेच पान उघडायचो. हे काम एकट्याने करू नका. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने तक्त्यावर बोट ठेवायचं. दोन मित्रांनी एकमेकांचे थिसिस असे तपासले तर दोघांचंही भलं होतं.

पाचवी पायरी, व्हायव्हा. बाहेरून आलेले परीक्षक असतात, गाइड आणि समिती असते. आधी तुम्ही आपलं काम मांडता, मग प्रश्न. बहुतेक प्रश्न तीन जातींचे असतात.

पहिली जात, 'हे का केलं?' उदाहरणार्थ, तणांची संख्या मोजल्यावर तुम्ही त्यात ०.५ मिळवून वर्गमूळ काढलंत, ते कशासाठी? शंभरातली बरीच मुलं म्हणतात, 'सगळे करतात म्हणून.' उत्तर अवघड नाही. ज्या प्लॉटमध्ये तण जवळजवळ नाही तिथे मोजणीत चढउतार कमी असतो, आणि जिथे केना, लव्हाळा, सावा माजला आहे तिथे चढउतार फार. पृथक्करणाच्या गणिताला तो सगळीकडे साधारण सारखा लागतो. वर्गमूळ घेतल्याने तो बराच समतोल होतो. आणि काही चौकटींत तण शून्य येतं, म्हणून ते अर्धं मिळवायचं. एवढं स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की परीक्षकाला कळतं, काम समजून केलं आहे.

दुसरी जात, 'हा आकडा कुठून आला?' तिथे वही.

तिसरी जात, 'मग यावरून काय म्हणायचं?' इथे भलेभले घसरतात. पुन्हा त्या सौंसरच्या मुलीकडे येतो. परीक्षकांनी तिसऱ्या रेप्लिकेशनबद्दल विचारलं. तिने वही उघडून नकाशा पुढे सरकवला. मग ते म्हणाले, "तो आपका हैंड वीडिंग वाला प्लॉट तो मार खा गया." ती म्हणाली, "जी सर, पान नंबर बासष्ट पर लिखा है." त्यांनी ते पान उघडून वाचलं. मग मुख्य प्रश्न आला. समजा निंदणाचं उत्पन्न १७५० किलो, फवारणीचं १६५० आणि क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे आपली सीडी, १८०. फरक १००. सीडीपेक्षा कमी. मग दोन्ही पद्धती सारख्याच ना? शेतकऱ्याला सांगू या का, मजूर लावू नको, फवार?

ती थोडं थांबली आणि म्हणाली, "नाही सर. दोन्ही सारखे आहेत असं मला म्हणता येणार नाही. १८० किलोंपेक्षा लहान फरक माझ्या प्रयोगाला दिसूच शकत नव्हता. आणखी एक-दोन वर्षं, जास्त रेप्लिकेशन घेऊन बघावं लागेल." बोलली हिंदीतच, मी मराठीत सांगतोय.

मंडळी, 'फरक सापडला नाही' आणि 'फरक नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंधारात किल्ली सापडली नाही म्हणून ती घरात नाही असं आपण म्हणत नाही. हेक्टरी १०० किलो सोयाबीन म्हणजे एखाद्या घराचा मुलांच्या फीचा पैसा असतो. तो फरक खरा असेल तर आपल्या एका घाईच्या वाक्याने त्या घराचा तोटा होतो. खोटा असेल तर निंदणाच्या मजुरीत उगाच पैसा जातो. दोन्ही बाजूंना माणसं आहेत. म्हणून आपल्या आकड्याला जेवढं दिसलं तेवढंच बोलायचं. ती पास झाली, वेळेत झाली, आणि तिच्या थिसिसमध्ये ते बासष्टावं पान जसंच्या तसं आहे.

इथे कोणी म्हणेल, आम्ही तर इतिहासाचे, मराठीचे, समाजशास्त्राचे विद्यार्थी, आम्हाला कुठला प्लॉट? तुमचा प्लॉट म्हणजे तुमची मुलाखत, तुमचं दप्तरखान्यातलं कागदपत्र, तुमचा सर्व्हे. मुलाखत कोणत्या तारखेला झाली, सोबत घरातलं कोण बसलं होतं, कोणत्या प्रश्नाला समोरचा गप्प झाला, हे तुमचं 'शेरा' सदर. सून बोलत असताना सासू शेजारी बसलेली होती, हे लिहिलं नाही तर त्या उत्तराचं वजन कोणाला कसं कळणार? काट्यावरचे १०० ग्रॅम तुमच्याकडेही असतात, फक्त ते वेगळ्या रूपात असतात.

पालकांना एक विनंती. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुलगा किंवा मुलगी फोनवर तुटक बोलायला लागली, तर 'निकाल चांगला आला का?' असं विचारू नका. 'मोजणी झाली का? लिहून ठेवलंस का?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाने पोरावर आकडे चांगले दाखवायचा दाब येतो. दुसऱ्याने आकडे खरे ठेवायला बळ मिळतं.

आणि माझ्यासारख्या गाइड मंडळींना. विद्यार्थी बसलेली रेप्लिकेशन घेऊन आपल्याकडे येतो, ते आपल्यावरच्या विश्वासाने येतो. त्या वेळी आपला पहिला शब्द कोणता, यावर पुढचं सगळं ठरतं. 'असं कसं झालं?' म्हटलं तर पुढच्या वेळी तो येणारच नाही, आकडे घरीच सरळ करून आणेल.

आता ज्यांचा व्हायव्हा जवळ आला आहे, त्यांनी आज एक करा. थिसिस उघडा, कोणतंही पान. डोळे मिटून एका आकड्यावर बोट ठेवा. आणि घड्याळ लावून बघा, त्या आकड्याची मूळ नोंद वहीत शोधायला तुम्हाला किती वेळ लागतो. दोन मिनिटांत सापडली तर निवांत झोपा. नाही सापडली तर अजून वेळ आहे, आजच वहीच्या पानांना नंबर घाला, तक्त्यांशेजारी ते नंबर पेन्सिलने लिहा. असे दहा आकडे रोज केलेत तर आठवड्यात तयारी होते.

आणि हो, वही खोलीवर ठेवून जाऊ नका. धुळीची, चिखलाचे डाग पडलेली, कशीही असो. नव्या फाइलच्या खाली लपवायची नाही. वर ठेवायची.

प्रश्न असतील ते जरूर पाठवा.